नाव कळेपर्यंत तरी

आमच्या नवागाममध्ये नागपंचमी दोनदा येते. पहिली आमची, श्रावण शुद्ध पंचमीची. त्या दिवशी खानदेशी घरांत विळीला सुट्टी, तव्याला सुट्टी. पाटावर गंधाचा नाग, पुढे लाह्या आणि दूध. दुसरी पंधरा दिवसांनी, श्रावण वद्य पंचमीला, भिंतीपलीकडच्या गुजराती घरांतली. तिथे पाणियाऱ्याच्या, म्हणजे पाण्याच्या माठांच्या ओट्याच्या, भिंतीवर नाग रेखाटतात, बाजरीच्या पिठात तूप-गूळ कालवून कुलेर करतात आणि दिवसभर थंडं जेवतात. मधल्या रविवारी आमची खानदेशी कानबाई देवी बसते, रोट होतात, रात्रभर गाणी चालतात. नागाला एवढा मान देणारी वस्ती शोधून सापडायची नाही, असं मी थट्टेनं म्हणत असते. थट्टा अशासाठी, की मी सर्वांत जास्त साप मारलेले पाहिले तेही याच पंधरवड्यात.

नकाशात नवागाम सुरत शहरात आहे. गल्लीत उभं राहून कान दिला तर अमळनेर, शिरपूर, शहादा ऐकू येतं. १९००च्या सुमाराला तापीच्या खोऱ्यातून उधना-जळगाव रेल्वे झाली. त्या रुळांवरून आमच्या पिढ्या लूमवर, डाइंगच्या मिलमध्ये, बांधकामावर आल्या. येताना अहिराणी आणली, कानबाई आणली आणि सापाची भीतीही गाठोड्यात बांधून आणली. ती भीती इथे निरुपयोगी ठरली असं नाही. पावसाळ्यात मीठी खाडी तुंबते, बिळांत पाणी शिरतं आणि बिळातला जीव कोरडी जागा शोधत वर येतो. कोरडी जागा म्हणजे आमचे जिने, बाथरूम, लूमच्या खात्यातली सुताची पोती.

काही वर्षांपूर्वी या दोन पंचम्यांच्या मधल्याच एका रात्री आमच्या जिन्यात साप निघाला. करंगळीहून थोडा जाड, तपकिरी, अंगावर फिकट पट्टे. भिंतीला धरून तो वरच्या फटीकडे चालला होता. माणसं जमली. कुणीतरी नळाचा पाइप आणला. खालून एका आजीचा आवाज आला, "मारी टाका रे, नहीं ते डूख धरी!" मोबाइलचा टॉर्च लावून पुढे उभा असलेला मुलगा माझा जुना विद्यार्थी. पाइपवाल्यानं हात उचलला तसा तो म्हणाला, "थांबा भाऊ, व्हिडिओ चालू करू द्या." आणि पाइपवाला खरोखर थांबला. लाल ठिपका लागेपर्यंत, म्हणजे चार-पाच सेकंद, साप जिवंत होता. मग नव्हता.

मी तिसऱ्या पायरीवर उभी होते. "सोडा रे त्याला" असं काहीतरी मी बोलले. एकोणतीस वर्षं मराठी शाळेचे वर्ग शांत करणारा माझा आवाज त्या रात्री कुणाला ऐकू गेला नाही. खरं तर मलाही नीट ऐकू आला नाही.

अर्ध्या तासात सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला: 'नवागाममध्ये आढळला अतिदुर्मीळ, जहाल विषारी कालोतरो'. कालोतरो म्हणजे आपला मण्यार. मी चष्मा लावून फोटो मोठा केला. डोकं ठेचलेलं होतं, त्यामुळे तिथून काही कळायची सोय नव्हती. अंगावरचे पट्टे मात्र मानेपासून सुरू झालेले, पुढच्या भागात ठळक आणि शेपटीकडे विरत गेलेले. मण्याराचे पट्टे बहुधा उलटे वागतात: डोक्यामागे काही अंतर सुटतं, मग बारीक जोडपट्टे लागतात आणि शेपटीकडे ते अधिक स्पष्ट होतात. जिन्यातला साप कवड्या होता. भिंतीवर चढण्यात पटाईत, घरातल्या पाली खाणारा, बिनविषारी, आणि आपल्याकडच्या शहरी घरांत सर्रास निघणारा. म्हणजे मजकुरातला 'अतिदुर्मीळ' खोटा होता, 'जहाल विषारी' खोटा होता आणि 'कालोतरो'ही खोटा होता. खरं होतं ते फक्त 'नवागाममध्ये'.

तेव्हापासून हा 'दुर्मीळ' शब्द माझ्या डोक्यात बसला आहे. वर्तमानपत्रं चाळा. 'दुर्मीळ जातीचा साप आढळला' ही बातमी पावसाळाभर येत राहते, आणि सोबतच्या फोटोत साप बहुतेक वेळा कुणाच्या तरी मुठीत, बरणीत किंवा काठीवर टांगलेला असतो. जिवंतपणी तो 'साप साप' या आरोळीपुरताच असतो. हे विशेषण त्याला मिळतं तेव्हा त्याचा त्याला काही उपयोग उरलेला नसतो. आणि यात एक साधी गंमत आहे. सापाची ओळख शास्त्रज्ञ ज्यांवरून पटवतात त्यांत डोक्यावरच्या खवल्यांची मांडणी महत्त्वाची. आपली रीत अशी, की सर्वांत आधी तेवढंच ठेचायचं आणि मग विचारायचं, हा होता कोण?

दुर्मीळ साप दिसताना दुर्मीळ दिसत नाही. वाघाचं तसं नाही, माळढोकाचं तसं नाही. साप मात्र पहिल्या नजरेला नुसता साप असतो. त्याचं नाव कळायला वेळ लागतो. कधी दोन मिनिटं, कधी दीड वर्ष. दीड वर्षाचं उदाहरण आमच्या सुरतेशी जोडलेलं आहे, म्हणून ते सांगायला मला विशेष आवडतं.

२०२०च्या जून महिन्यात टाळेबंदीमुळे अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठातला वीरेंद्र भारद्वाज हा विद्यार्थी हिमाचलातल्या चंबा जिल्ह्यात आपल्या घरी अडकला होता. करायला दुसरं काही नाही म्हणून तो आसपासचे किडे, पाखरं, सरपटणारे प्राणी यांचे फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकायचा. त्यांत एका लहानशा सापाचा फोटो होता. आपल्याकडे कुकरी म्हणतात त्या गटातला, अगदी नेहमीच्या कुकरीसारखाच दिसणारा साप. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातले झीशान मिर्झा यांनी तो फोटो पाहिला आणि त्यांना काहीतरी खटकलं. त्यांनी भारद्वाजला आणखी साप शोधायला सांगितलं. या दोघांना जोडला गेला तिसरा माणूस आमच्या गावचा: वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठातले हर्षिल पटेल. म्हणजे नवागामहून रिक्षा केली तर पाऊण-एक तासात पोचाल, त्या विद्यापीठातले. प्रयोगशाळा टाळेबंदीत बंद, त्यामुळे डीएनएची तपासणी रखडली. खवले मोजले गेले, संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांशी ताडून पाहिलं गेलं. अखेर २०२१च्या डिसेंबरमध्ये तिघांच्या नावे निबंध आला. तो साप नेहमीचा कुकरी नव्हता. विज्ञानाला तो ठाऊकच नव्हता. चुराह खोऱ्यावरून त्याचं नाव ठेवलं गेलं, ओलिगोडॉन चुराहेन्सिस.

आता हा प्रसंग आमच्या जिन्यात आणून बघा. साप दिसला, फोटो काढला, इथपर्यंत दोन्ही गोष्टी सारख्या आहेत. दोघांच्याही हातात मोबाइल होता, दोघांनाही सापाचं नाव ठाऊक नव्हतं. फरक पुढच्या दहा सेकंदांत पडला. एका ठिकाणी नाव कळत नाही म्हणून माणूस थांबला. दुसऱ्या ठिकाणी नाव कळत नाही म्हणूनच पाइप खाली आला. आमच्याकडे अज्ञान हे मारण्याचं कारण ठरतं. माझं सगळं म्हणणं या एवढ्या जागेपुरतं आहे. सापावर प्रेम करा असं मी म्हणत नाही. मला स्वतःला अजून साप पाहिल्यावर पोटात गोळा येतो. पण नाव कळेपर्यंत तरी हात आवरा.

(नव्या जातीची नोंद करताना काही नमुने पकडून संग्रहालयात ठेवावे लागतात, म्हणजे ते साप मरतातच, हा आक्षेप माझ्या एका शिक्षक मित्रानं लगेच घेतला. बरोबर आहे. मोजक्या नमुन्यांसाठी कायद्याची चौकट आहे आणि त्या मरणातून शंभर वर्षं उपयोगी पडणारी माहिती उरते. पाइपखाली मेलेल्या सापातून काय उरतं? सकाळी सफाई कामगार येईपर्यंत गटारात पडलेलं एक दोरखंड.)

अशी नवी जात गुजरातच्या मातीतही सापडली आहे. २०१६ साली मिर्झा, बडोद्याचे राजू व्यास, हर्षिल पटेल, राजेश सानप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच राज्यातून वॉलेसोफिस गुजरातेन्सिस या सापाची नोंद केली. तो नुसता नव्या जातीचा निघाला नाही, त्याचं घराणंच नवं निघालं. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसचं नाव मिळालेला हा साप आपल्या राज्यात आधीपासून राहतच होता. किती जणांनी तो पाहिला असेल आणि 'मारला एक' म्हणून हात धुतले असतील, याचा हिशेब कुठे मिळणार?

तसा हिशेब अंडीखाऊ सापाचाही मिळणार नाही. १८६३मध्ये डेन्मार्कच्या योहानेस राइनहार्टनं रंगपूरच्या, म्हणजे आताच्या बांगलादेशातल्या, नमुन्यावरून त्याचं वर्णन केलं. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच नमुने जगाला ठाऊक होते. मग महाराष्ट्रातली पहिली नोंद २००५मध्ये प्रसिद्ध झाली ती वर्ध्याहून. लेखकांत पुण्याचे अशोक कॅप्टन आणि वर्ध्याचे पराग दांडगे. पुढे अमरावतीहून आणि गुजरातमधूनही नोंदी आल्या. मोठा विलक्षण प्राणी आहे. तोंडात दात जवळजवळ नाहीतच. पाखराचं अंडं घशात उतरलं की मणक्यांचे आत आलेले टोकदार कंगोरे त्याचं कवच फोडतात. गळ्यातच अडकित्ता म्हणा ना. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो वाघाच्या पंगतीला बसलेला आहे. पण कायद्याची अनुसूची पाठ करून कुणी जिन्यात उभं राहत नाही. वर्ध्याला तो सापडला कारण सापाकडे थांबून बघणारी माणसं तिथे होती. साप पूर्वीही असणारच.

इथपर्यंत माझ्या बाजूनं मान डोलावणाऱ्यांत काही हौशी छायाचित्रकार असतील. त्यांच्याशीही थोडं बोलायचं आहे, कारण कॅमेरा हाती आला म्हणजे माणूस सुधारला असं मला आता वाटत नाही.

लहानपणी आम्हाला सांगायचे, नाग मारला तर मारणाऱ्याचा फोटो त्याच्या डोळ्यात उतरतो. नागीण येते, मेलेल्या नागाच्या डोळ्यात बघते आणि त्या माणसाला हुडकून काढते. हिंदी सिनेमानं या समजुतीवर बक्कळ पैसा कमावला. सापाच्या डोळ्यात असला काही फोटो उतरत नाही आणि वर्षानुवर्षं डूख धरण्याइतका त्याचा मेंदूही नाही, हे मी वर्गात दरवर्षी सांगत आले. पण या खुळ्या कथेत एक गोष्ट शहाणपणाची होती: फोटो पुरावा होता. मारणाऱ्याला आपला चेहरा कुठेतरी उमटल्याची धास्ती होती. आता मारणारा स्वतःच रेकॉर्डिंग लावतो आणि आपला चेहरा नीट येतो ना ते बघतो.

आणि न मारणारा? पावसाळ्यात आमच्या सुरतेहून डांगच्या जंगलाकडे गाड्या निघतात, तशा कोल्हापूर-पुण्याहून आंबोलीकडे. हिरवागार चापडा फांदीवर निजलेला सापडला तर त्याच्यासारखं चित्र नाही. मग कुणाला मागची पार्श्वभूमी आवडत नाही म्हणून फांदी मोडून दुसऱ्या झुडपावर नेतात, जीभ बाहेर यावी म्हणून काडीनं टोचतात, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर फ्लॅशचा मारा करतात. साप स्थिर राहावा म्हणून त्याला फ्रिजमध्ये गारठवण्यापर्यंतही काहींची मजल गेली आहे. थंड रक्ताचा प्राणी गारठला की हलत नाही. फोटोत तो 'शांत' दिसतो. खाली मजकूर असतो, 'निसर्गाच्या सान्निध्यात'. मला विचाराल तर असा फोटो आणि आमच्या जिन्यातला व्हिडिओ यांत अंतर आहे, पण लोक समजतात तेवढं नाही. दोन्हीकडे साप हा आपल्या मालकीचा देखावा आहे. आवडला तर जगेल आणि त्यानं भिववलं तर मरेल, एवढाच फरक.

सर्पमित्रांबद्दल बोलताना मी जपून बोलते, कारण त्यांचं ऋण मोठं आहे. १९८०मध्ये पुण्यात नीलिमकुमार खैरे बहात्तर विषारी सापांबरोबर बहात्तर तास काचेच्या खोलीत राहिले. डिवचलं नाही तर साप चावत नाही, हे लोकांच्या डोळ्यांना दाखवण्यासाठी तो खटाटोप होता, आणि पुढे कात्रजच्या सर्पोद्यानानं कितीतरी मराठी मुलांना साप जवळून ओळखायला शिकवलं. एक फोन केला की रात्री-अपरात्री, पदरच्या पेट्रोलवर येणारी पोरं आज गावोगाव आहेत. आमच्याकडेही आहेत. पण त्या बहात्तर तासांतलं धाडस तेवढं काहींनी उचललं आणि त्यामागचं म्हणणं तिथेच ठेवलं. नाग पकडायचा, फणा चेहऱ्यासमोर धरायचा, त्याचं चुंबन घ्यायचं, रील टाकायचं. अशा खेळात दरवर्षी तरणी मुलं जातात. त्यांच्या मरणावर पुन्हा रील होतं. पकडलेला साप मग कुठेतरी लांब, 'नैसर्गिक अधिवासात' सोडतात. त्याला तिथली बिळं ठाऊक नसतात, भक्ष्य कुठे आणि शत्रू कुठे ठाऊक नसतं. परक्या मुलखात टाकलेले साप भटकतात आणि पुष्कळदा मरतात. सापाला बाजूच्या मोकळ्या जागेत जाऊ दिलं असतं तर दोघांचाही जीव स्वस्तात वाचला असता. अनुसूचीतला प्राणी पकडणं, सापळ्यात घेणं, हाकत नेणं हे कायद्याच्या व्याख्येत शिकारीतच मोडतं, हेही पुष्कळांना ठाऊक नाही.

"बाई, तुमचं सगळं खरं, पण माणूस मेला तर?" जिन्यातल्या पाइपवाल्यानं मला दुसऱ्या दिवशी हेच विचारलं. हा प्रश्न टाळून सुधारणेच्या गप्पा मारणं लबाडीचं आहे. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे बारा लाख माणसं सर्पदंशानं गेली. वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. यांतले निम्मे मृत्यू पावसाच्या चार महिन्यांतले. इतक्या माणसांच्या जिवावर उठलेल्या भीतीला अंधश्रद्धा म्हणून हिणवायचा मला अधिकार नाही.

पण ही माणसं मरतात कशी ते पाहिलं की पाइप कुचकामी ठरतो. आमच्या वस्तीत खरी धास्ती मण्याराची. तो रात्री फिरतो, जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो, कूस बदलताना दबला तर चावतो. दंश एवढा बारीक की झोपही मोडत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, बोबडी वळते. घरचे म्हणतात, पित्त झालं असेल, रात्रपाळीचा शीण असेल. एका खोलीत आठ-आठ जण खाली चटया टाकून निजणाऱ्या लूम कामगारांना मण्यारापासून वाचवायचं असेल तर खाट हवी, नीट खोचलेली मच्छरदाणी हवी, जिन्यात दिवा हवा, आणि सुताचा कचरा भिंतीला लागून साचता कामा नये. जिन्यात पाहिलेला साप आपण मारतो. चावतो तो बहुधा न पाहिलेला असतो. आणि चावलाच तर पट्टी आवळत, चिरा देत, कडुलिंबाचा पाला चघळायला देत बसू नये. तो अवयव हलू न देता १०८ला फोन करायचा आणि स्मीमेर किंवा सिव्हिल रुग्णालय गाठायचं. दवाखान्यात साप मारून न्यायची गरज नसते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही विषांवर चालणारं एकच प्रतिविष आपल्याकडे दिलं जातं. लांबून फोटो सहज मिळाला तर डॉक्टरला मदत होते, पण फोटोसाठी एक मिनिटही घालवायचं नाही.

मंत्रानं विष उतरवणारे भगत अजून आहेत, आणि त्यांच्याकडे लूमचा शेठही जातो आणि कामगारही. या बाबतीत सुरतेला शरम वाटावी असा इतिहास सुरतेलाच आहे. १८४४ साली याच शहरात मानवधर्म सभा स्थापन झाली. तिच्यात दुर्गाराम मेहताजी होते आणि त्यांच्याबरोबर इथल्या इंग्रजी शाळेत नोकरीला असलेले दादोबा पांडुरंग. होय, मराठीचं व्याकरण लिहिणारे आपले दादोबा. सभेच्या प्रमुख पाच जणांची नावं योगायोगानं 'द'नंच सुरू होत. या लोकांनी मंत्रतंत्रवाल्यांना भर सभेत आव्हान दिलं की शक्ती असेल तर दाखवा. मराठी माणूस सुरतेत फक्त लूट करायला आणि लूम चालवायला आला असं समजणाऱ्यांनी, आणि आपणही कधी कधी तसंच समजतो, हे ध्यानात ठेवावं: तो इथे प्रश्न विचारायलाही आला होता. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं सर्पदंश झालेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं गुन्हा ठरवलं. गुजरातनंही २०२४मध्ये काळ्या जादूविरुद्ध कायदा केला. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या आव्हानाला दोन राज्यांत मिळून कलमं सापडली म्हणायची.

शिवाय सापांविना नवागाम कसं असेल याचा विचार सुरतेच्या माणसानं तरी करावा. १९९४च्या सप्टेंबरात इथे प्लेग आला तेव्हा उधना स्टेशनवर जी गर्दी लोटली, तिच्यात खानदेशी कुटुंबं डोक्यावर भांडी घेऊन उभी होती. त्यांतली बरीच आज माझ्या गल्लीत राहतात. साप नव्हते म्हणून प्लेग आला असलं बाष्कळ विधान मी करणार नाही. तो कचऱ्याचा आणि गटारांचा हिशेब होता. पण उंदीर म्हणजे काय याचा धडा आपल्याइतका महाग दुसऱ्या शहरानं क्वचितच घेतला असेल. सुरत, नवसारी, वलसाड या पट्ट्यात दर पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस डोकं वर काढतो, तोही उंदरांच्या मुतातून पसरणारा. आणि एवढं असून धामण दिसली की आपण काय करतो? 'म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते' म्हणत तिला ठेचतो. नवागाममध्ये म्हशीचे गोठे आता शोधावे लागतील; धामणीवरचा आरोप मात्र तसाच आहे. सापाला दूध पचत नाही, ओठ लावून ते ओढता येत नाही. पंचमीला फणा काढून बसवलेला, दात उपटलेला, तहानेनं व्याकूळ नाग पुढे ठेवलेलं दूध पितो ते पाणी समजून.

एक अडचण मला अजून नीट सोडवता आलेली नाही. फोटो काढा, नोंद करा असं मी म्हणते, पण नोंद म्हणजे पत्ता. मांडुळाचं पाहा. गरीब, बिनविषारी, मातीत राहणारा साप. शेपूट बोथट असल्यानं 'दोन तोंडांचा' म्हणून प्रसिद्ध. गुप्तधन काढून देतो, नशीब उघडतो अशा थापांवर त्याचे लाखांचे सौदे होतात आणि महाराष्ट्रात पोलीस पुन्हा पुन्हा तस्कर पकडतात. अशा सापाचा फोटो गल्लीच्या नावासकट ग्रुपवर टाकणं म्हणजे चोराला किल्ली देणं. आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळांवर धोक्यातल्या जातींचं नेमकं ठिकाण आपोआप झाकलं जातं. तिथे नोंद केली तर अभ्यासकाला हवं ते मिळतं आणि चोराला नाही. तरी कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, हा विवेक शेवटी फोन धरणाऱ्याच्या अंगठ्यावरच येऊन थांबतो. दाखवायची हौस आणि झाकायची जबाबदारी एकाच माणसाच्या पदरात टाकलेली आहे. सोपं नाही ते.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी मी सातवीच्या वर्गात एक वही ठेवली. दोनशे पानी, साधी. नियम तीन मिनिटांत सांगितले: साप दिसला तर पहिलं पाऊल मागे. दहा हात लांब राहून झूम करायचं, टोचायचं नाही, पाठलाग करायचा नाही. जमलं तर एक वरून आणि एक बाजूनं. तारीख, वेळ, जागा, ऊन होतं की पाऊस, साप काय करत होता हे लिहायचं. नाव माहीत नसेल तर तो रकाना रिकामा सोडायचा. पोरांना हा शेवटचा नियम सर्वांत जड गेला. रिकामा रकाना त्यांना चूक वाटे. परीक्षेच्या पेपरात आपणच त्यांना तसं शिकवलेलं असतं. पहिल्या महिन्यात सगळेच साप 'कोब्रा' होते. दिवाळीनंतर रिकाम्या जागा वाढू लागल्या, आणि मला वाटलं, आता काहीतरी होतंय.

त्या वर्षी दुसऱ्या पंचमीला, गुजराती घरांतल्या, एक मुलगा शाळा सुटल्यावर बापाचा मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. रुळांच्या कडेला, गवतात. फोटोत दगडी खडी, बाभळीची एक फांदी आणि कोपऱ्यात पिवळट-तपकिरी, हललेली, जवळजवळ धूसर अशी शेपूट.

"एवढीच आली, बाई. पळाली ती. आमच्यातले दोघं दगड घेऊन आले होते, मी म्हटलं थांबा, फोटो काढू द्या. तेवढ्यात ती गेली."

थांबा, फोटो काढू द्या. तेच शब्द. मी शेपटीकडे बघत राहिले.

"दुर्मीळ आहे का?"

"नाही रे. धामण असणार. नक्की सांगता येत नाही."

"मग वहीत लिहू ना?"

"लिही."

त्यानं तारीख लिहिली, 'दुपारी सव्वापाच' असं लिहिलं, ते खोडून 'संध्याकाळी' केलं, आणि नावाच्या रकान्यात धामण लिहून पुढे एक मोठं प्रश्नचिन्ह काढलं.